विटकरी की वांगी

५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं. "चार वर्षं झाली तरी तू तिथे नक्की काय करतेस ते मला कळलेलं नाही. कोणी विचारलं तर मी 'काहीतरी उन्हाचं' असं सांगून विषय बदलतो," असं लिहिलंयस. मग आज नीट ऐक.

छपरांवर त्या काळ्या, जड पाट्या असतात ना, उन्हापासून वीज करणाऱ्या? आम्ही त्यांच्याऐवजी रंग करतोय. अगदी खराखुरा रंग, प्लास्टिकच्या जातीचा. काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा. किती पातळ? तुझ्या डोक्यावर उरलेल्या केसांपैकी एक घे आणि जाडीत त्याचे चारशे भाग कर. त्यातला एक. हा रंग उजेड पितो, आणि त्याच्यात मिसळलेला दुसरा पदार्थ त्याच्या हातून वीज काढून घेतो. एकट्या रंगाचा उपयोग नाही, एकट्या दुसऱ्याचाही नाही. दोघांनी एकमेकांना खेटून बसायचं, पण एकमेकांत विरघळून जायचं नाही. सगळी मेख तिथेच आहे.

थर द्यायची रीत तुला आवडेल. काचेवर थेंब टाकायचा आणि काच गरागरा फिरवायची. मग ती तापल्या तव्यावर दोन मिनिटं ठेवून वाळवायची. लहानपणी मी एका जागी बसत नाही म्हणून तू मला भिंगरी म्हणायचास. आता मी दिवसभर बसते आणि काचा फिरतात.

बाकी सगळं छान चाललंय. रंग सुरेख विटकरी येतो. मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. त्यातून मला इतकंच समजलं, की एवढं शिकून तू शेवटी रंगारीणच झालीस. मग इतक्या लांब कशाला गेलीस बाई? इथे आपल्या दुकानात तीन हौद आणि एक भट्टी तुझीच वाट बघत होती. तुझं ते 'खेटून बसायचं पण विरघळायचं नाही' मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे लग्नच की." आणि विणत राहिली.

आता मुद्द्याचं. "सगळं छान चाललंय" हे मला पटलेलं नाही. गिऱ्हाइकाचा कपडा बिघडला की आम्हीही दारात उभं राहून हेच म्हणतो. तेव्हा तुकडा पाठव. धंद्याचा नियम तुला पाठ आहे: हातात तुकडा नसेल तर तोंड उघडायचं नाही. कोणी येऊन "आकाशी करून द्या" म्हणतो, अरे पण कुठलं आकाश? सकाळचं की चारचं? फोनवर फोटो मुळीच पाठवू नको. फोनमध्ये सगळेच गोरे दिसतात.

इकडची खबर बरी नाही. गेल्या महिन्यात एका खानावळीचे बावीस पडदे करडे करायचे होते. ते जांभळे झाले, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मला ते आजही करडेच दिसतात. मामी त्या आठवड्यात तिच्या बहिणीकडे गेली होती आणि माझ्या जेवणाचे हाल चालले होते. उपाशी माणसाचा रंग कसा लागणार? पण आमच्या चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला: बाबांचे डोळे गेले. आता आणखी एक चूक झाली की खिडकीजवळची माझी खुर्ची त्यांची. त्या खुर्चीवर बसून मी चाळीस वर्षं रंग ठरवतोय. चिरंजीव जन्मले त्या दिवशीसुद्धा मी तिथेच होतो. मामीने ते अजून माफ केलेलं नाही, तो भाग वेगळा.

मामी परत आली आहे आणि पुन्हा पूर्वीसारखी रोज दुकानात माझ्यामागे विणायला बसते. तिचा जुना खोकला काही जात नाही. घरी एकदाही येत नाही, दुकानात पाय ठेवला की सुरू. वाफेचा असणार.

तुकड्याची वाट पाहतो.

तुझा मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्यापुढे काही लपत नाही. छान चाललेलं नाही. काहीच चाललेलं नाही.

माझा थर उजेड पितच नाही. म्हणजे पितो, पण एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखा, ओठ लावून कप खाली ठेवतो. आमच्या बाईंनी (ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या) मला बोलावून सांगितलं, की एकतीस मार्चपर्यंत हा थर सुधारला तर ठीक, नाहीतर हा विषय बंद. मग मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या कामात मदतनीस व्हायचं. तो वाईट नाही, पण काम करताना शीळ घालतो, आणि एकच गाणं. मामा, शिळेचं सोड. चार वर्षं गेली रे माझी यात. आईला यातलं काही सांगू नको, ती लगेच बॅग भरून येईल.

तुकडा मागितलास म्हणून बिस्किटांच्या डब्यातून तीन काचा पाठवल्या आहेत. आज पाच वाजता पार्सलची खिडकी बंद होणार होती आणि माझ्या लक्षात आलं ते पावणेपाचला. रंगाचा थेंब टाकला, काचा अर्ध्यामुर्ध्या फिरवल्या आणि तशाच ओल्या खाचांच्या पेटीत उभ्या करून डब्याला चिकटपट्टी लावली. तव्यावर वाळवायलाही वेळ नव्हता. नाहीतरी टाकाऊच आहेत, तुला फक्त रंग बघायचाय. पेटी हलू नये म्हणून भोवती मोजे कोंबलेत. ते परत पाठव.

त्याच पार्सलमध्ये मामीसाठी खोकल्याचं औषध आहे. दिवसातून तीनदा दोन चमचे. तिला अंगावर काढायची सवय आहे, तू समोर बसून पाज.

तुझी,
भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

डबा पोचला. मोजे धुतलेले नव्हते असं मामीचं मत पडलं, म्हणून धुऊन ठेवले आहेत. औषध मामीने घेतलं. म्हणजे माझ्या हातातून घेतलं.

काचा खिडकीशी धरून पाहिल्या. मी बराच वेळ पाहत होतो आणि मामी मागे खोकत होती. आता माझा निकाल ऐक. तू म्हणतेस विटकरी. काच विटकरी नाही. वांगी आहे. चांगली गर्द वांगी, देठाकडची नव्हे, पोटाकडची. तिन्हीच्या तिन्ही.

असं का झालं तेही सांगतो. तू ती ओली डब्यात कोंबलीस ना? झाकून, सावकाश वाळली, म्हणून रंग मुरला. आम्ही रंगातून काढलेलं कापड कधी लगेच वाऱ्यावर टाकत नाही. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतो. घाईने वाळलेला रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. तुमच्या तव्याचं कौतुक तुम्हाला असो. रंगाला बसायला वेळ द्यावा लागतो. सगळ्यांनी लगेच उठून कामाला लागावं असं नसतं.

हे तुझ्या बाईंना सांग. रंगारी मामाने सांगितलं म्हण.

तुझा मामा

५ मार्च

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी हसले आणि मग बसून राहिले.

राग मानू नकोस. दादाचं पत्र आलंय. त्याने लिहिलंय, "बाबांनी तुला रंगाबद्दल काही सांगितलं तर हो म्हण आणि सोडून दे. त्यांना पडद्यांचा धसका बसलाय, पण कबूल करत नाहीत. डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. तू सांगून बघ, तुझं ऐकतील." म्हणून सांगते. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. तो पिवळा थर निळा-जांभळा उजेड पिऊन टाकतो आणि आत पोचूच देत नाही. मी चार वर्षं काचेवर जे करू पाहतेय ते तुझ्या डोळ्यात आपोआप झालंय, मामा! साधं ऑपरेशन असतं.

माझ्या काचा विटकरीच आहेत. चार वर्षांत दोन हजारांवर काचा झाल्या आणि त्यातली एकही वांगी आली नाही. शिवाय आमच्याकडे रंग मोजायचं यंत्र आहे, त्याला मोतीबिंदू होत नाही. आणि तव्याचं म्हणशील तर सगळे तसंच वाळवतात.

सव्वीस दिवस उरलेत. शीळवाल्याने मला त्याच्या टेबलाचा एक खण रिकामा करून दिलाय. चांगुलपणाने दिलाय, म्हणून जास्त लागलं.

मामीचा खोकला कसा आहे?

तुझी,
भिंगरी

११ मार्च

विदुषी भाचीबाई यांस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आपल्या यंत्राला मोतीबिंदू होत नाही हे वाचून समाधान वाटलं. सोबत आपलीच एक काच कापसात गुंडाळून परत पाठवत आहे. आपल्या यंत्राला दाखवावी. त्याचं जे मत पडेल ते कळवावं. घाई नाही, आम्ही रिकामेच आहोत. आपलं पत्र चिरंजीवांनीही वाचलं आणि ही माझी आणखी एक चूक धरली, तेव्हा खुर्चीवर सध्या ते बसतात.

मामीचा खोकला या आठवड्यात अजिबात नाही, कारण ती दुकानात येत नाही. मी नाही तर ती कशाला येईल?

मोजे सोबत आहेत.

आपला,
एक रंगारी

१८ मार्च

मामा, मामा, मामा,

कान धरून उभी आहे असं समज. नाही, खरंच धरलाय एक, दुसऱ्या हाताने लिहितेय.

तुझी काच मी रागारागात यंत्रात घातली. तुला आकडे पाठवून कायमचं गप्प करायचं ठरवलं होतं. कापूस काढला तेव्हाच हात थांबला. वांगी! पोटाकडची! मी आणि शीळवाल्याने ती पाळीपाळीने खिडकीशी धरली, आणि पहिल्यांदाच त्याची शीळ बंद पडली. यंत्राने सांगितलं, की हा थर माझ्या नेहमीच्या थराच्या जवळपास दीडपट उजेड पितो.

आणि मी किती मूर्ख बघ. पिवळ्या भिंगातून वांगी रंग विटकरी दिसू शकतो. विटकरी रंग वांगी कधीच दिसणार नाही! ज्याचे डोळे गेलेत त्याला तुझ्या उलट दिसलं असतं. हे मला, उजेड शिकणाऱ्या बाईला, कळायला हवं होतं. तुझे डोळे शाबूत आहेत.

मग तुझं गोणपाट आठवलं. दुसऱ्या दिवशी काच मुद्दाम अर्धवटच फिरवली, ओली असतानाच तिच्यावर काचेचं झाकण घातलं आणि हाताची घडी घालून बसले. तू बसायला वेळ द्यायला सांगितलास तो रंगाला, पण बसवेना ते मला. पंधरा मिनिटांनी झाकणाखाली विटकरीचं वांगी व्हायला लागलं, कडेपासून आत आत, माझ्या डोळ्यांदेखत. मी रडले. शीळवाल्याने रुमाल दिला. आत्तापर्यंत दहा काचा केल्या, त्यातल्या आठ वांगी. घाईने वाळताना त्या दोघांना नीट खेटून बसायला वेळच मिळत नव्हता, एवढीच गोष्ट होती. तिला मी चार वर्षं लावली.

सोबत यंत्राने काढलेला आलेख आहे. खालची रेघ माझी, वरची तुझी. दादाला दाखव आणि त्याला खुर्चीवरून उठव. एकतीसला बाईंसमोर काचेवर वीज करून दाखवायची आहे. धाकधूक आहेच.

तुझी,
भिंगरी

२६ मार्च

बाळ,

मी मामी. माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. हे पोस्टात मी स्वतः टाकतेय. तुझ्या मामाला यातलं ठाऊक नाही आणि कधी कळू द्यायचं नाही.

तुझा आलेख चौकट करून दुकानात लावलाय. आल्या-गेल्याला "वरची रेघ माझी" म्हणून दाखवतात. दादा मुकाट्याने उठला आणि हे पुन्हा खुर्चीवर बसले. बसताना खुर्ची पुसून घेतली, जशी काही वर्षभर बंद घरात होती.

पण तू लिहिलंस, डोळे शाबूत आहेत. ते तेवढं खरं नाही ग. यांना जांभळं काही दिसत नाही. दोन वर्षं झाली. एकदा हे रंगाच्या पाण्यात निळा जास्तच ओतत होते, मी मागे बसले होते, चारचौघांत कसं बोलायचं म्हणून सहज खोकले. यांचा हात थांबला. तेव्हापासून तेच चाललंय. निळसर जास्त झालं की दोनदा खोकायचं, तांबूस जास्त झालं की एकदा. यांना वाटतं मला वाफेचा त्रास होतो. हात मात्र आपोआप थांबतो, इतक्या वर्षांची सवय. ज्या आठवड्यात मी बहिणीकडे होते त्याच आठवड्यात पडदे बिघडले, आता समजलं ना?

तुझी काच यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "पोर म्हणते तशी विटकरीच की." मी दोनदा खोकले. मग हे काच फिरवून फिरवून बघत राहिले आणि म्हणाले, "नाही, वांगी." झाकून वाळवायचं ज्ञान मात्र यांचंच हो, त्यात माझं काही नाही.

तुझं औषध मी रोज हौदात ओतते. रागावू नकोस. माझा खोकला गेला तर दुकान बसेल.

तुझी मामी

२ एप्रिल

प्रिय मामा,

झालं! परवा बाईंसमोर काचेवर दिव्याचा उजेड टाकला आणि तिला जोडलेला छोटा पंखा फिरला. नखाएवढं पातं आहे त्याचं, माशीलासुद्धा वारा लागणार नाही. पण फिरला, आणि फिरतच राहिला. बाई वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "झाकण ठेवायचं कोणी सुचवलं?" मी म्हटलं, "मामाने. तो रंगारी आहे." बाई म्हणाल्या, "त्यांचं नाव तुझ्या शोधनिबंधात घाल." विषय चालू राहणार. शीळवाल्याला त्याचा खण परत दिला. त्याने आता दुसरं गाणं धरलंय.

निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. मी लिहिलंय: "थर सावकाश वाळवण्याच्या सूचनेबद्दल आणि त्याचा रंग अचूक ओळखल्याबद्दल माझे मामा आणि मामी यांची मी ऋणी आहे."

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये ना. नुसतं दाखवायला. शाबूत आहेत ते मला माहीत आहे. माझ्यासाठी जा.

तुझी,
भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरीस खूप खूप आशीर्वाद.

पंख्याचं वाचून मी दुकानात टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाईक घाबरलं. चिरंजीवांनी पेढे आणायच्या आधीच मामीने साखर वाटली, हौदावरच्या कामगारांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना.

आता ते आभार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मामीचं नाव का? ती तर नुसती मागे बसून विणते. मग समजलं, की तुला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारत नाही. आमच्याकडे पोस्टात पत्र टाकायला जाणारी आणि परत येऊन मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारणारी एकच व्यक्ती आहे.

तेव्हा तुलाच सांगतो. काच मला विटकरी दिसली होती, पोरी. पडदे करडे दिसले होते. हल्ली मला खूप काही विटकरी आणि करडं दिसतं. पण मागून दोनदा खोकला आला की ते निळं असतं, आणि एकदा आला की तांबडं, हे मला पहिल्या महिन्यातच उमगलं. वाफेने काही मोजून खोकला येत नाही. तिला वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे. तिला कळलं तर ती ओशाळेल आणि खोकायची थांबेल, मग मी काय करू? तुला तोऱ्यात पत्र लिहिलं तेव्हा माझ्याकडे डोळे नव्हते, तिच्यावरचा भरवसा होता. ती रंगात कधी चुकलेली नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. जूनमध्ये ऑपरेशन. नंतर सगळं लख्ख दिसेल म्हणतात. दिसू दे. तरी मी खिडकीशी काच धरून बसेन आणि खोकल्याशिवाय निकाल देणार नाही. इतक्या वर्षांनी खेटून बसलेल्याला उठवत नाहीत.

तुझा मामा

ता. क. मामीला आता औषध पाठवू नको. ती ते कुठल्या हौदात ओतते ते मला माहीत आहे. पाण्याचा रंग बदललेला मला दिसला नाही, वास आला.